मृदुलावहिनीचं रविवारचं वाचन

बडोद्यात तरसालीच्या बाजूला जी मुलं शाळेत गेली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्या वहिनीच्या हातचा गणवेश घातला असेल. मृदुला लक्ष्मीकांत मोहिते, माझ्या थोरल्या भावाची बायको. मी विमल, तिची नणंद. मी लग्न केलं नाही. बँकेत नोकरी केली आणि जन्म त्याच घरात तिच्यासोबत काढला, त्यामुळे सांगते आहे ते बहुतेक सगळं डोळ्यांदेखत घडलेलं आहे. तिच्याबद्दल बोलताना मी जरा फुशारकी मारते असं ऑफिसातले लोक म्हणायचे. मारते. माझ्याकडे मारण्यासारखी गोष्ट आहे.

वहिनी मूळची धुळ्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला गुजराती ओ की ठो कळत नसे. भाजीवालीशी बोलायलाही मला हाक मारायची. पण शिलाई मशीन आलं आणि शेजारच्या बायका मापं द्यायला येऊ लागल्या, तशी ती त्यांच्याकडूनच भाषा शिकली. वर्षभरात बोलायला लागली, मग पाटीवरची अक्षरं लावत वाचायला, लिहायलाही. दादा वाघोडियाच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. आमचे वडील, तुकोजीराव, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आमचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. त्या नोकरीतलं आमच्याकडे काही उरलं नव्हतं, फक्त आबांची शिस्त उरली होती. पोक काढून बसलेला माणूस त्यांना खपत नसे.

दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी वैष्णवी. सत्त्याऐंशीचा जन्म. ती आठ वर्षांची असताना आमच्या सोसायटीत घरोघर केबल आली आणि त्याच सुमारास ती डोळे मिचकावायला लागली. साहजिकच दोष टीव्हीवर गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, नजर उत्तम निघाली. तरी आम्ही टीव्ही बंद केला. मिचकावणं थांबलं, पण मानेला हिसके बसू लागले. मग मान थांबली आणि घशातून ‘हं, हं’ असा आवाज सुरू झाला. मिठाच्या गुळण्या झाल्या, खोकल्याची औषधं झाली, आमच्या एका मावशींनी दृष्ट काढली. मध्येच सुट्टीत सगळं गेलं. तेव्हा जे औषध चालू होतं, तेच लागू पडलं असं आम्ही धरून चाललो. शाळा उघडल्यावर सगळं परत आलं.

आबांना ही खोड वाटायची. रोज संध्याकाळी ते वैष्णवीला समोर पाटावर ताठ बसवत आणि म्हणत, हलायचं नाही. ती खरंच हलत नसे. आबा वहिनीला म्हणायचे, पाहिलंस, मनात आणलं की जमतं तिला. पण एकदा पाटावरून उठल्याबरोबर वैष्णवी मोरीकडे धावली, तशी वहिनी तिच्या मागे गेली. दार लोटलेलं होतं. आत पोर भिंतीला हात टेकून मान झटकत होती, पुन्हा पुन्हा, जसं काही इतका वेळ साठवलेलं सगळं झटकून बाहेर टाकत होती. वहिनी तशीच मागे फिरली. मला म्हणाली, विमलताई, ही खोड नाही. खोड चोरून कुणी अशी रडवेल्या तोंडाने करत नाही.

त्यानंतरही दोन-अडीच वर्षं आम्ही चाचपडतच होतो. वैष्णवी अकराची झाली आणि नवीनच सुरू झालं, डावा डोळा मिटायला लागला. एकच डोळा. लहान मूल डोळे मिचकावतं तेव्हा लोक हसतात, पण उंच होत चाललेली मुलगी एक डोळा मिटते तेव्हा लोक वेगळंच बघतात. वाण्याच्या दुकानात एकाने शेरा मारला. नवरात्रात गरब्याच्या मैदानावरून ती अर्ध्यातून परत आली आणि चणियाचोळी काढून पेटीच्या तळाशी ठेवून दिली. मग शाळेतून बोलावणं आलं. ती गुजराती माध्यमाच्या शाळेत होती. गणिताच्या सरांकडे बघून तिने डोळा मारला, अशी तक्रार होती, आणि शिक्षा म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी वहिनीला सांगितलं, बेन, एक तर इलाज करा, नाहीतर दुसरी शाळा बघा.

वहिनी शाळेतून घरी न येता तिला घेऊन थेट आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, तुमच्याहून मोठं जे कोणी असेल त्यांची चिठ्ठी द्या. अशा रीतीने आम्ही मेंदूविकारांच्या डॉक्टर पारुलबेन यांच्याकडे पोहोचलो. मीही सोबत होते.

पारुलबेन पन्नाशीच्या, बोलायला सावकाश. आम्ही सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि खुर्ची ओढून वैष्णवीसमोर बसल्या. गुजरातीत तिलाच विचारलं की डोळा मिटायच्या आधी तुला काय होतं.

वैष्णवीने आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, “शिंक यायच्या आधी नाकात कसं होतं, तसं डोळ्यापाशी होतं. मी धरून ठेवते. पण शिंक किती वेळ धरणार?”

पारुलबेननी मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं. मग आम्हाला समजावलं. याला टिक्स म्हणतात. हालचालींचे आणि आवाजाचे, दोन्ही प्रकारचे, वर्षाहून जास्त काळ राहिले की त्या विकाराला टूरेट असं नाव आहे. हे मेंदूच्या घडणीतून येतं. टीव्हीने होत नाही, लाडाने होत नाही, आईच्या हयगयीने होत नाही. कमी होतं, जातं, रूप बदलून परत येतं, तसाच त्याचा स्वभाव. दमणूक, काळजी, अतिआनंद यांनी वाढतं. थोडा वेळ दाबता येतं, पण त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. दहा-बारा वर्षांच्या सुमारास जोर जास्त असतो आणि पुढे पुष्कळ मुलांचं कमी होत जातं. औषध आहे, पण लगेच हवंच असं नाही. शेवटी म्हणाल्या, “टिककडे दुर्लक्ष करा बेन, मुलीकडे नको.”

निघताना त्यांनी काही कागदांच्या झेरॉक्स प्रती दिल्या. अशा मुलांच्या आईवडिलांसाठी परदेशात कुणीतरी लिहिलेल्या, सगळ्या इंग्रजीत. पारुलबेन म्हणाल्या, आपल्या भाषेत माझ्याकडे द्यायला काही नाही.

वहिनीचं इंग्रजी सातवी-आठवीपुरतं. मी बँकेतून आले की आम्ही दोघी बसायचो. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायचे आणि ती कपड्याचे नमुने कापायच्या ब्राऊन पेपरवर पेन्सिलीने मराठीत लिहायची. माझे शब्द तिला पटायचे नाहीत. एका ठिकाणी मी ‘दडपणे’ असं सांगितलं. ती म्हणाली, दडपायला तो काय मोर्चा आहे? वैषू काय म्हणाली होती? ‘धरून ठेवते.’ तेच लिहायचं. दुसऱ्या एका ठिकाणी मी ‘अनैच्छिक’ म्हटलं, तर पेन्सिल खाली ठेवून तिने विचारलं, हे आबांना कळेल का? तिथे तिने लिहिलं, ‘मूल हे करत नाही, मुलाला हे होतं.’ आज इतक्या वर्षांनीही मला यापेक्षा चांगलं वाक्य सुचलेलं नाही.

लिहून झाल्यावर वहिनीने आधी वैष्णवीला विचारलं. तुझ्याबद्दल आहे, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं तर चालेल ना? वैष्णवी म्हणाली, मी पण बसते.

रविवारी दुपारची जेवणं झाली होती. दादाला सुट्टी होती. आबा पलंगावर, दादा जमिनीवर भिंतीला टेकून, वैष्णवी माझ्याजवळ. वहिनी मशीनच्या स्टुलावर बसून वाचू लागली. मूल टिक धरून ठेवतं तेव्हा त्याचं सगळं लक्ष त्यातच जातं, आणि घरी आल्यावर साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं, या भागापाशी ती आली तेव्हा आबा म्हणाले, हे परत वाच. तिने परत वाचलं. आबा उठून ओटीवर जाऊन बसले. वहिनीने वाचन पूर्ण केलं. दादाने वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी आबांनी वैष्णवीला हाक मारली. पाटावर बसायची वेळ झाली असं वाटून ती पाट घेऊनच गेली. आबा हिंचक्यावर, म्हणजे ओटीवरच्या झोपाळ्यावर, बसून शेंगा सोलत होते. त्यांनी पाट बाजूला सारायला लावला आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

“वैषू, माझ्यासमोर धरून ठेवायचं नाही,” ते म्हणाले. “बाहेर काय ते तुझं तू बघ. या घरात नाही.”

सवयीने ती आधी ताठच बसली. मग तिची मान झटकली, खांदा उडाला, डोळा मिटला, घशातून आवाज आला. आबा शेंगा सोलत राहिले. सोललेले दाणे तिच्या हातावर देत राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती आत वळली आणि पोळ्या लाटता लाटता तिने पदराने दोनदा डोळे पुसले.

आता शाळा राहिली होती. वहिनीने तेच सगळं गुजरातीत उतरवलं आणि वर्गशिक्षिकेला भेटायला गेली. भांडायला गेली नव्हती. तिने कागद पुढे केले आणि म्हणाली, वाचून झालं की मला सांगा, मी बाहेर बाकावर बसते. बाईंनी वाचलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, मी वर्गाला समजावून सांगू का? वहिनीने घरी येऊन वैष्णवीला विचारलं. वैष्णवीने सबंध दिवस विचार केला आणि म्हणाली, बाईंनी नको. मी सांगते.

ठरलेल्या दिवशी वहिनी वर्गाच्या बाहेर, खिडकीपासून जरा लांब उभी होती. पुढचं मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. वैष्णवी फळ्यापाशी गेली. तिचा डोळा नेहमीपेक्षा जास्तच मिटत होता आणि मागच्या बाकावर खुसखुस चालली होती. तिने मुलांना सांगितलं, बाई आता भूगोलाचा एक परिच्छेद वाचतील. तेवढा वेळ कुणीही डोळ्याची पापणी लववायची नाही. बाईंनी वाचायला घेतलं. मुलं डोळे ताणून बसली. कुणाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कुणी मध्येच हरलं, कुणी हसलं. परिच्छेद संपल्यावर वैष्णवीने विचारलं, नर्मदा कुठून निघते असं बाईंनी आत्ता सांगितलं?

कुणाला सांगता येईना. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आमचं सगळं लक्ष तर डोळ्यांवरच होतं.

“माझं रोज असंच असतं,” वैष्णवी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. दोन मुलं बरेच दिवस तिची नक्कल करायची. पण आता वर्गातलीच मुलं त्यांना गप्प करायची. बाईंनी तिला दाराजवळची जागा दिली, वाटलं तर न विचारता बाहेर जाऊन यायची मुभा दिली. परीक्षेला वेगळ्या खोलीत बसू दिलं. गणिताचे सर स्वतः घरी आले, आबांशी बोलले, चहा घेतला. पुढच्या नवरात्रात चणियाचोळी पेटीतून निघाली. वहिनीने ती कमरेत आणि उंचीला वाढवून दिली.

वहिनीने एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. ती थांबली नाही. एका जूनमध्ये गणवेशांची गर्दी चालू असताना वाघोडियाहून रखमाबाई नावाच्या एक आजी नातवाला घेऊन मापं द्यायला आल्या. खांद्याचं माप घेताना वहिनीच्या लक्षात आलं, पोराचा खांदा सारखा उडतो आहे आणि तो मध्येच नाक ओढतो आहे. त्याचं नाव तन्मय. रखमाबाई म्हणाल्या, याच्या आईने लाडावून ठेवलाय, अंगात चाळे फार. वहिनीने त्यांना आत बोलावलं आणि मराठीतले कागद पुढे केले. त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा गिऱ्हाइकं बाहेर थांबवून वहिनीने त्यांना सगळं वाचून दाखवलं. ऐकून म्हातारीने नातवाला जवळ ओढलं. मग म्हणाली, “पुढच्या रविवारी सुनेला घेऊन येते. माझ्यादेखत तिला वाचून दाखवा. मी तिला फार बोलले आहे.”

त्या रविवारी सासूसून दोघी आल्या. त्यानंतरच्या महिन्यात आणखी एक आई आली, मग हरणीहून एक जोडपं आलं. पारुलबेननी पाठवलेली माणसं यायला लागली. मराठी, गुजराती, एक सिंधी कुटुंब. घरात जागा पुरेना तेव्हा महिन्यातल्या एका रविवारी सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर, मधल्या मोकळ्या जागेत, सतरंज्या पडू लागल्या. गुजरातीतलं वहिनी वाचायची, मराठीतलं आबा वाचायचे. आबांचा आवाज असा की कंपाउंडबाहेरचे लोकही थांबून ऐकायचे. मुलं एका बाजूला खेळायची आणि कुणाची मान झटकली, कुणी ओरडलं तर तिथे कुणी वळून बघायचं नाही. अशा मुलांच्या आयांसाठी ती जगातली एकच जागा होती जिथे माफी मागावी लागत नसे.

एकदा जनार्दन नावाचे एक गृहस्थ आले. रिफायनरीत नोकरीला, स्वभावाने तापट. म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण मी पट्टा काढला की आमचा मुलगा तासभर शांत बसतो, त्याचं काय? वहिनी उत्तर द्यायला गेली, पण आबांनी हात वर केला. भर सभेत, ताठ बसून म्हणाले, “मी पट्टा काढला नाही, पण पाटावर बसवत होतो. पोरगी माझ्या भीतीने बसत होती आणि ती सुधारली म्हणून मी खूश होत होतो. चुकत होतो मी. तुम्ही माझ्यापेक्षा तरुण आहात, लवकर सुधाराल.” जनार्दनराव त्या दिवशी रागावून गेले. पुढच्या महिन्यात मात्र मुलाला घेऊन आले आणि शेवटपर्यंत बसले.

दरम्यान पारुलबेनच्या सांगण्यावरून त्या कागदांची छोटी पुस्तिका झाली, अर्धी मराठी, अर्धी गुजराती. नाव वहिनीनेच ठेवलं, ‘मुद्दाम नाही’. पारुलबेननी ओळन् ओळ तपासली. वहिनीने एका ठिकाणी लिहिलं होतं की मूल मोठं झालं की हे जातं. पारुलबेननी त्यावर रेघ मारली. वहिनीला वाईट वाटलं. ती म्हणाली, आयांना तेवढाच धीर. पारुलबेन म्हणाल्या, खोटा धीर दोन वर्षांनी आईलाच बोचतो. मग दोघींनी मिळून लिहिलं, ‘पुष्कळ मुलांचं वयाबरोबर कमी होतं, काहींचं राहतं. राहिलं तरी मूल शिकतं, कमावतं, संसार करतं.’ वैष्णवीने चित्रं काढली. तिच्या हातात पेन्सिल असली की टिक्स कितीतरी कमी व्हायचे, हे आमच्या उशिराच लक्षात आलं. मन एखाद्या कामात रमलं की असं होतं, हेही मग पुस्तिकेत गेलं.

वैष्णवीचं स्वतःचं काय झालं? बाराव्या-तेराव्या वर्षी फार जोर होता. वर्षभर औषध घेतलं, झोप फार येते म्हणून पारुलबेननीच ते हळूहळू बंद केलं. खांदा उडणार असं वाटलं की कोपर बरगडीला हलकेच दाबून धरायचं, असे काही उपाय त्यांनी शिकवले, त्यांचा फायदा झाला. कॉलेजपर्यंत मान थांबली, आवाज गेला. डावा डोळा राहिला. दमली की अजून मिटतो. दहावीनंतर तिने मेकॅनिकल डिप्लोमा केला. तोवर कारखान्यांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर निघायला लागली होती आणि मकरपुऱ्यात एका डिझाइन ऑफिसात तिला नोकरी लागली. आबांनी ती नोकरी पाहिली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

मग स्थळं बघायची वेळ आली. नातेवाईक म्हणाले, आधी सांगू नका, एक डोळा काय, कुणाच्या लक्षात येणार? वहिनीने कुणाचं ऐकलं नाही. पत्रिकेसोबत ती पुस्तिका पाठवायची आणि आतल्या पानावर लिहायची की यातली चित्रं मुलीने काढली आहेत. काही ठिकाणांहून निरोपच आला नाही. वैष्णवी शांत होती. तिने आईला सांगितलं, ज्यांना ती पुस्तिका वाचवत नाही त्यांच्याकडे मला जायचंच नाही.

हरणीला एक स्थळ होतं, अनुज नावाचा मुलगा. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तो मीच घेतला. त्या म्हणाल्या, “पुस्तक पूर्ण वाचलं. आमच्या घरातले सगळे पुरुष मोठ्याने घोरतात, ते पत्रिकेत लिहायचं राहिलं होतं. मुलीला चालणार असेल तर भेटू.” मी वैष्णवीला निरोप दिला. ती इतकी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं. लग्न झालं. चांगलं चाललं आहे.

तरी माझ्या भावाला विचारलं तर तो लग्नाची नाही, त्याच्या आधीची गोष्ट सांगतो. तो मितभाषी माणूस, पण ही गोष्ट सांगतोच. नेहमीप्रमाणे तो लेथवर होता. नव्या पार्टचं ड्रॉइंग आलं, बाहेरच्या ऑफिसातून काढून घेतलेलं. त्याने माप बघायला कागद पसरला आणि खाली कोपऱ्यात, जिथे ड्रॉइंग काढणाऱ्याचं नाव असतं तिथे होतं, व्ही. एल. मोहिते. त्याने मशीन बंद केलं. सुपरवायझर धावत आला, काय बिघडलं म्हणून. दादा म्हणाला, बिघडलं नाही साहेब, माझ्या मुलीने काढलंय. मग सगळी शिफ्ट त्या कागदाभोवती जमली.

घरी आल्यावर त्याने हे वहिनीला सांगितलं. ती काज करत होती. सुई टोचून ठेवली आणि म्हणाली, “आणि पार्ट? पार्ट बरोबर बसला का?”

“पहिल्याच कापाला,” दादा म्हणाला.

वहिनीने मान डोलावली आणि पुन्हा काज करायला घेतलं. मी मात्र ओटीवर जाऊन शेजारच्या चारही घरांना ते सांगून आले.